देव वर, तांदूळ खाली

चेन्नईत मी टिकलो तो सेतुराव मामांमुळे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून माझीच हुशारी वाटेल.

मामा तिरुवल्लिकेणीत आमच्या मॅन्शनसमोर, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजसमोर, राहतात. आयुष्य रेल्वेच्या क्रेनवर गेलं. घराणं तंजावरचं, त्यामुळे मराठी जुन्या वळणाचं. कुठेही गेले की वस्तूला एका बोटाने हळूच ढकलतात. मेसमधलं स्टूल, पाण्याचा ड्रम, कुणाची उभी स्कूटर. "कोणत्या कडेवर उलथेल, सांग पाहूं?" स्कूटरवाला ओरडतो. मामा हसतात, "पाडत नाहीं डा, विचारतों!" डा म्हणजे आपलं रे.

मी परभणीकडचा, आठवीत शाळा सोडलेला. नवरात्रात घरोघरी बाहुल्या मांडतात, त्यासाठी पायऱ्यांचे स्टँड भाड्याने देणाऱ्या दुकानात महिनाभराच्या बोलीवर लागलो होतो. इथला रिवाज असा की देव सगळ्यात वर आणि सगळ्यात आधी. अण्णा नगरच्या एका सोसायटीत, हॉलच्या मधोमध, वीस किलोची मातीची देवी मी रिकाम्या स्टँडवर वर ठेवली. अख्खं स्टँड मागे कलंडलं. देवी मिठीत झेलली म्हणून वाचली. मालक म्हणाले, "उद्या पुन्हा उभं कर. पुन्हा पडलं, तर तिथूनच गाडी पकड."

संध्याकाळी मामांकडे गेलो.

"मागचे पाय ही कड," मामा म्हणाले. "पडणारें तिच्याभोवतींच फिरतें. वरची पायरी कडेच्या मागें किती निघाली आहे?"

"वीतभर."

"देवी वीस किलो. वीस एके वीस. त्या वीसास उत्तर देण्यास पुढें काय ठेवलेंस?"

"काहीच नाही."

"मग देवी काय करील बापडी!"

"खालच्या बाहुल्या आधी मांडू?"

खालच्या पायरीवर दुकानदार वाण्याची बाहुली बसते. आतून मामी कडाडल्या, "शिव शिव! देवाच्या आधीं वाणी बसवतोस?"

मामी दाराशी आल्या. त्यांच्या हातात पाखडायच्या तांदळाचं सूप होतं, त्याकडे माझं लक्ष गेलं.

"मामा, पुढच्या पायरीखाली तांदूळ बांधला तर? तो काही बाहुली नाही."

"किती बांधशील?" मामा पुढे सरकले.

"पाच किलो. मागच्या पायांपासून पाच वीत पुढे... पाचा पाचा पंचवीस!"

"वीसास पंचवीस भारी. स्टँडचें वजन वरकड. आणि कोणाचा पदर अडकला तर?"

"तशा दोन पिशव्या. पन्नास!"

"पाहिलेंस? आठवीपर्यंतचे पाढे पुरतात रे. भितोस कशास?"

दुसऱ्या दिवशी पिशव्या आत बांधल्या, वर कापड घातलं, देवी चढवली. मालकांनी स्टँड दोन्ही हातांनी गदागदा हलवलं. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा देवी जागच्या जागी होती आणि सोसायटीतल्या बायका मालकांवर ओरडत होत्या. महिना संपल्यावर गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे आल्या.

मामांनी महाराष्ट्र अजून पाहिलेला नाही. "तिकडचे माझ्या बोलण्यास हसतील," म्हणतात. हसू देत. कायम झालो म्हणजे मोठी रजा मिळेल. तेव्हा एक दिवस मामा-मामींना परभणीला नेईन, खालचे बर्थ त्यांचे. आमच्या अंगणात पंगत बसेल आणि आईच्या हातची पहिली भाकरी मामांच्या ताटात पडेल. हा माझा शब्द.