तिवरांचा अर्धा तास

झाशीच्या नगरा मोहल्ल्यात नळाला पाणी येतं ते त्याच्या मर्जीनं. तिथल्या एका गल्लीत राहणाऱ्या बकुळला मात्र समुद्राचं पाणी कधी येणार ते ठाऊक असायचं. शेजारच्या मिश्राईन चाचींना याची मोठी गंमत वाटे. रिकामी बादली घेऊन ओट्यावर बसल्या की त्या हाक मारत, "ओ बहू, समंदर का तो बता देती हो, हमारे नल का भी बता दो."

"चाची, नल का पंचांग नहीं छपता," बकुळ आतूनच म्हणे.

बकुळचा नवरा मंदार रेल्वे कारखान्यात फिटर. त्याचे वडील नोकरीपायी कल्याणहून इथे आले आणि इथलेच झाले. बकुळ लग्न होऊन आली ती उंबरखारहून. उंबरखार म्हणजे मुंबईपलीकडचं, खाडीकाठचं लहानसं उपनगर. एक बाजाराचा रस्ता, थोड्या चार मजली इमारती, त्यांच्या पाठीला कोळीवाडा, आणि तिन्ही बाजूंनी तिवरांचं खाजण. भरतीला झाडं गळ्यापर्यंत पाण्यात, ओहोटीला नुसता चिखल आणि त्यातून वर आलेली मुळांची बोटं. त्या चिखलात बकुळचे वडील, विठोबा, जन्मभर चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, धरत आले.

विठोबा चिखलात उतरायचे, पण कधी उतरायचं ते बकुळची आई सांगायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो, त्यात सहा मिळवले की ओहोटीचा, हे कोळ्याच्या घरात पोरासोरांनाही येतं. आई त्यावर अर्धा तास आणखी घालायची. "पाणी माहेरवाशिणीसारखं येतं गो," ती म्हणे, "तिवरांत दारोदार थांबत, बोलत. तेवढा वेळ तिला द्यायला नको?"

आई गेली आणि विठोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. भिंतीवरचं कॅलेंडर दिसेना, आज कुठली तिथी तेही आठवेना. मंदार म्हणाला, "बाबांना इकडे घेऊन येऊ. छतावरची खोली रिकामीच आहे."

बकुळनं फोन केला. विठोबांनी विचारलं, "तिकडं चिखल हाय?"

"नाही, बाबा."

"मग मी करू काय? जावयाच्या दारात भाकरी मोडत बसू? त्यापरीस तू रोज पाण्याची वेळ सांगत जा. बाकी पायांना वाट ठाऊक हाय."

बकुळ लगेच 'बरं' म्हणाली. इतकी लगेच, की मंदारनं वळून तिच्याकडे बघितलं. माहेरचं दार बंद झालेलं तिलाच नको होतं. उन्हाळ्यात दगडसुद्धा तापून तडकेल अशा त्या गावात रोज सकाळी घटकाभर का होईना, तिच्या वाट्याला खाडी येणार होती.

मग तसंच ठरून गेलं. मंदारचा डबा भरला की बकुळ तिथी बघे, ओठांतल्या ओठांत हिशेब करी, आणि फोन लावी. शाळेची वेणी घालता घालता इरा विचारी, "मम्मी, नाना आज कीचड़ में कब जाएँगे?" पोरीला मराठी सगळं कळे, पण उत्तर हिंदीतच येई.

पुढे उंबरखारला रस्त्याचं काम निघालं. विठोबांच्या शेजारचा नीलकंठ अधूनमधून बातमी द्यायचा. एकदा म्हणाला, "बकुळताई, पश्चिमेकडची तिवरं साफ झाली. डंपरवर डंपर माती पडतेय."

"कुणी तक्रार नाही केली?"

"केली ना. त्यांनी फलक लावला, झाडं तोडायला मनाई आहे म्हणून. फलक अजून उभा आहे."

बकुळ दिवसभर हळहळली. संध्याकाळी मंदारला सांगताना तिचे डोळेही भरले. पण दुसऱ्या दिवशी फोनवर तिनं जो तास सांगितला, तो आईच्याच हिशेबाचा होता.

विठोबाही म्हणाले होते, "पाणी हल्ली घाईत असतं गो."

"बाबा, पाणी कधी चुकतं का? तुझे पाय हळू झालेत."

"असंल," विठोबा म्हणाले. बायकोचा हिशेब त्यांनी जन्मभर तपासला नव्हता. लेकीचा तरी कशाला तपासतील?

होळी होऊन गेली होती. ओट्यावरचा गुलाल अजून धुवायचा होता. फाल्गुन वद्य तृतीया. बकुळ म्हणाली, "बाबा, आज उधाणाचं पाणी, ओहोटी खोल जाईल. पावणेनऊपर्यंत पलटायचं नाही. निवांत धर."

"चिंबोऱ्या झाशीला जित्या पोचल्या असत्या तर नातीला पाठवल्या असत्या. आगगाडीत तुझ्या नवऱ्याची वट हाय ना?"

"चिंबोऱ्यांना रिझर्वेशन लागतं, बाबा."

विठोबा हसत होते, तेवढ्यात तिनंच फोन ठेवला. दूध वर आलं होतं.

रात्री नीलकंठचा फोन आला. बांध आणि चिंबोऱ्यांची बिळं यांच्या मधे एक चर आहे. आधी पाणी त्याच्यात भरतं, मग बाकीच्या खाजणात. विठोबा टोपली घेऊन परत निघाले तेव्हा चर भरलेला होता. त्यांना तो दिसला नसावा, पायाला लागला असावा. पाणी उतरल्यावर ते सापडले. कमरेचा रुमाल सोडून त्यांनी आपलं मनगट एका तिवराला बांधून घेतलं होतं. टोपली वरच्या फांदीला अडकवलेली होती, आत चिंबोऱ्या वळवळत होत्या.

"वाहून जाऊ नये म्हणून बांधलं असेल, ताई. मागाहून शोधायला बरं," नीलकंठ म्हणाला.

उंबरखारला सुतकात जो तो येऊन म्हणे, पाण्यानं दगा दिला. बकुळ ऐकून घेई. तेरावं झाल्यावर ती ओहोटीच्या वेळी बांधावर जाऊन उभी राहिली. मंदार मागोमाग गेला. पश्चिमेला लाल मातीचा भराव, त्याच्या पायथ्याशी एकही झाड नाही. पाणी पलटलं ते थेट आलं, कुठे न थांबता. चर बघता बघता भरला. बकुळनं मंदारच्या मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"आईचा अर्धा तास गेला," ती म्हणाली. "झाडं गेली, त्यांच्याबरोबर गेला. मी मात्र रोज मिळवत राहिले."

"तू काय झाशीत बसून झाडं बघत होतीस?"

"मला सांगितलं होतं. दोघांनी सांगितलं होतं."

मंदार पुढे आला. तो तिच्या शेजारी उभा राहिला.

नगऱ्याला परतल्यावर ती सकाळी डबा भरते, इराची वेणी घालते. फोन फडताळात असतो. कॅलेंडरखालून जाताना मान वर करत नाही. इरानं एकदा विचारलं, "मम्मी, आज तिथि कौनसी है?" आणि आईचा चेहरा बघून दप्तर उचललं. तेव्हापासून ती विचारत नाही.

परवा नळाला दोन दिवस पाणी नव्हतं. मिश्राईन चाची बादली घेऊन ओट्यावर आल्या. थट्टा करायची नाही हे त्यांनी मनाशी ठरवलं होतं, पण सवयीनं तोंडून गेलंच, "बहू, पानी कब आएगा?"

बकुळ दारात आली. तिनं गल्लीच्या टोकाकडे बघितलं.

"पता नहीं, चाची," ती म्हणाली. "आप आधा घंटा पहले से बैठ जाइए."