मावशीचं बोट आणि मावशीचा गुडघा

माझ्या मावशीने एकवीस वर्षं केक भाजले, पण वजनकाट्यावर तिचा कधी विश्वास बसला नाही. अंडी, लोणी, साखर, मैदा फेटून झालं की ती त्यात बोट बुडवायची, चाटायची आणि "जमलं" म्हणायची. मगच साचा भट्टीत जायचा. त्या बोटावर सगळ्या आळीचा भरवसा होता. माझाही होता, कारण तिच्या केकच्या दुकानात गल्ल्यावर मीच बसतो.

एकदा तिला जुलाब लागले, ताप भरला. चार दिवसांत पोट ताळ्यावर आलं आणि आम्ही विसरूनही गेलो. तीन आठवड्यांनी उजवा गुडघा टम्म फुगला, टाच टेकवेना, डोळेही लाल झाले. शेजाऱ्यांनी मैद्याच्या पोत्यापासून वयापर्यंत सगळ्यांना दोष दिला. मावशीने मात्र संधिवात हा एकच शब्द मनाशी घट्ट धरला. जन्माचं दुखणं! भट्टीपुढे उभं राहता येत नसेल तर दुकान कशाला, म्हणून तिने ते विकायलाही काढलं. सोमवारी विक्रीच्या कागदांवर सह्या होत्या.

शनिवारी मी तिला जवळजवळ ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी गुडघा चाचपला आणि विचारलं भलतंच, की गेल्या महिन्यात पोट बिघडलं होतं का. मावशी चिडली. मला मात्र लख्ख आठवलं! ते चार दिवस आणि ते बोटही, मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं. सोमवारी सकाळी कळलं, त्यात जंतू नव्हते.

"पोट बिघडवणारे जंतू बहुतेक कच्च्या अंड्यातून आले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "त्यांच्याशी लढायला उठलेलं शरीर आता स्वतःच्याच सांध्यांवर उलटलंय. बहुतेकांना काही महिन्यांत बरं वाटतं."

"म्हणजे मी उभी राहीन?"

"राहाल. घाई करू नका."

दवाखान्याच्या पायरीवरूनच तिने फोन करून विक्री रद्द केली. मला नाचावंसं वाटत होतं.

पाच महिने गोळ्या, व्यायाम आणि अखंड कुरकुर चालली. मग ती भट्टीपाशी परतली. मी तिच्यामागे खुर्ची ठेवली. मिश्रण फेटून झालं, सवयीने बोट निघालं आणि भांड्यावर अधांतरी थांबलं. तिने हात मागे घेतला, चमचाभर मिश्रण छोट्या साच्यात ओतलं, भट्टीत सारलं आणि कशालाही न टेकता ते भाजेपर्यंत उभी राहिली. निवलेला तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "जमलं."

मग मागे वळली.

"ही खुर्ची गल्ल्यावर ने. दिवसभर बसायचं तर तुला असतं."