गच्चीवरच्या सफरचंदाला ताण

आईला सफरचंदाची फुलं बघायची होती. सफरचंद काय, आमच्या भाईंदरला जेसल पार्कच्या नाक्यावर बारा महिने मिळतं. तिला हवी होती फुलं. एका जुन्या कॅलेंडरचं एप्रिलचं पान तिने स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. डाळीचा डबा काढताना रोज हिमाचलचं दर्शन व्हायचं. बाबांनी दोनदा सहलीला नावं दिली आणि दोन्ही वेळा आईच्या गुडघ्यांनी ती मागे घ्यायला लावली. शेवटी बाबा म्हणाले, "ती तिकडे जाऊ शकत नाही ना? मग झाड इकडे येईल."

कमी थंडीत फुलणाऱ्या जातीचं रोप त्यांनी मागवलं आणि इंद्रलोकमधल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर निळ्या ड्रममध्ये लावलं. झाड झकास वाढलं, पण तीन वर्षांत फूल एकही नाही. बाबांनी वाचून काढलं की सफरचंदाला हिवाळ्यात थंडीचे ठरावीक तास लागतात. पानं गाळून झाड झोपतं, झोप पुरी झाली की कळ्या धरतात. आणि भाईंदरची थंडी म्हणजे पाच दिवसांचा स्वेटर.

मग बाबांनी मासळीवाल्या मावशींकडून रोज पिशवीभर बर्फ आणून ड्रममध्ये ओतायला सुरुवात केली. "बर्फ म्हावऱ्याला लागतो, झाडाला न्हाय," असं मावशींनी बजावलं होतं. आठवडाभरात परिसरातली यच्चयावत मांजरं ड्रमभोवती बसू लागली. थंडी मुळांना नाही, फांद्यांवर जिथून कळ्या फुटतात त्या डोळ्यांना लागते, हे बाबांनी त्यानंतर वाचलं.

तिसऱ्या मजल्यावरचे काका जालन्याकडचे, घरची मोसंबीची बाग असलेले. ते एकदा वर आले आणि ड्रमला टिचकी मारून म्हणाले, "लई लाड चाललेत याचे. थंडी नाही ना, मग ताण द्या. मोसंबीचं आम्ही महिनाभर पाणी तोडतो. पानं गळतात, झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही. मग पाणी सोडलं की बहार फुटतो बघा."

बाबांनी ड्रमवर पाटी लावली, 'पाणी घालू नये'. महिना उलटला, एक पान पिवळं पडलं नाही. चौकशीअंती कळलं की बाबा स्वतःच सकाळी अर्धा तांब्या घालत होते, "नुसतं ओठ ओले करायला". आई कामवाल्या ताईंच्या हाती तांदूळ धुतलेलं पाणी वर पाठवत होती. आणि मी फोनवर बोलायला गच्चीत जायचे, तेव्हा बाटलीतलं उरलेलं पाणी कुठे ओतत होते हे सांगायला नकोच. काका हात जोडून म्हणाले, "तुमच्या घरात झाड उपाशी मरायचं नाही, पण फुलायचंही नाही."

पुढच्या हिवाळ्यात आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि गच्ची आम्ही पार विसरलो. सगळं लक्ष आईवर. तिने मान वळवली की पाणी हजर, चष्मा हजर. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी एक दिवस चिडली. "आंटींना तुम्ही उठूच देत नाही. चालणार कशा त्या?" आम्ही माना डोलावल्या आणि ती गेल्यावर पुन्हा उशा सारख्या करायला धावलो. महिना झाला तरी आई वॉकर धरून बाथरूमपर्यंतच जात होती. आता आपण घरातच राहणार, असं ती म्हणू लागली. मला ते ऐकवत नसे.

अशात काका सांगत आले, "तुमचं झाड वाळलं." आम्ही वर धावलो. नुसत्या काड्या उरल्या होत्या. बाबा ड्रमपाशी मटकन बसले. मला त्यांची फार माया आली आणि स्वतःचा राग. काकांनी मात्र नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. "जिवंत आहे. आता घाला पाणी, पोटभर."

दोन आठवड्यांनी बाबा धापा टाकत घरात शिरले. "पाच आलीत! कळ्या गुलाबी, उमललेली पांढरी!"

लिफ्ट सातव्या मजल्यापर्यंत जाते. गच्चीला त्यापुढे अठरा पायऱ्या. ड्रम चार माणसांना हलला नसता आणि फुलं काही थांबणार नव्हती.

"फोटो काढून आणतो," बाबा म्हणाले. "नाहीतर एक फांदीच..."

"खबरदार फांदीला हात लावलात तर," आई म्हणाली आणि वॉकर ओढून उभी राहिली.

सातव्या मजल्यावर तिने वॉकर माझ्याकडे दिला आणि कठडा धरला. पहिल्या पायरीवर तिचा पाय थरथरला, तसे बाबांनी दोन्ही हात पुढे केले.

"हात नका देऊ," आई म्हणाली. "माझंही पाणी तोडा आता थोडे दिवस."

बाबांनी हात पाठीमागे घेतले आणि एकमेकांत घट्ट अडकवले. आई अठरावी पायरी चढून फुलांसमोर उभी राहिली, तरी त्यांनी ते सोडले नव्हते.