एडनाने घेतलेलं घर

एडना स्टॉब्ज शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला होती. कोल्डहोप हे डरहॅमच्या किनाऱ्याजवळचं खाणीचं गाव. तिचा नवरा रॅल्फ खाणीत, सासरा खाणीत, बापही खाणीतच होता. गावात दुसरं काही नव्हतंच म्हणा. राहायला नगर परिषदेची लाल विटांची घरं, एका रांगेत बांधलेली, सगळ्यांचे दरवाजे एकाच हिरव्या रंगाचे. लग्न झाल्यापासून एडना त्याच रांगेत भाड्याने राहत होती.

थॅचरबाई पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी कायदा आणला की परिषदेच्या भाडेकरूंनी हवं तर आपलं घर स्वस्तात विकत घ्यावं. एडनाची आई नुकतीच गेली होती, तिने साठवलेले थोडे पैसे मागे राहिले होते. एडनाने विषय काढला तेव्हा रॅल्फने खाणं मध्येच थांबवलं.

"हे घर आपलं नाही, एडना. आपण गेलो की दुसऱ्या कुणा कामगाराला मिळायचं ते. तू त्याच्या पोरांच्या डोक्यावरचं छप्पर विकत घेणार?"

"आणि आपल्या पोराच्या डोक्यावर काय?" एडना म्हणाली. "माझ्या आईने साठ वर्षं भाडं भरलं. मेली तेव्हा तिच्या नावावर एक वीटसुद्धा नव्हती."

रॅल्फने बरंच काही ऐकवलं. ही बाई आपल्याला घरं विकते आहे ती काही प्रेमापोटी नाही, घराचे हप्ते असलेला माणूस संपावर जायला घाबरतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे, असं त्याचं म्हणणं. एडनाने ते ऐकून घेतलं. मग तिने वर कर्ज काढून घर घेतलं. रॅल्फने सही केली, पण कागदाकडे न बघता. पुढच्या रविवारी तिने दरवाजाला गडद निळा रंग दिला आणि रस्त्याच्या पलीकडे उभी राहून बराच वेळ बघत राहिली. त्या दिवशी तिला जो आनंद झाला, तसा लग्नातही झाला नव्हता, असं ती नंतर सांगायची. रॅल्फ त्या दरवाजातून कधीच आत आला नाही. तो मागच्या दाराने यायचा. आमच्या कोल्डहोपमध्ये सगळेच मागच्या दाराने येतात, त्यामुळे गावाच्या ते लक्षातही आलं नाही. एडनाच्या मात्र आलं.

मग चौऱ्याऐंशीचा संप आला. सरकारने खाणी बंद करायचं ठरवलं आणि देशभरचे खाणकामगार काम सोडून बसले. कामगारांच्या हॉलमध्ये बायकांनी सार्वजनिक स्वयंपाक सुरू केला. मोठाल्या भांड्यांतून शेकड्यांनी माणसं जेवू घालायची सवय एकट्या एडनालाच, म्हणून ती पहिल्याच दिवशी गेली. शेजारच्या घरातली हिल्डा टर्नबुल बटाटे सोलत होती. हिल्डाची जीभ आधीपासून तिखट.

"या, मालकीणबाई," हिल्डा म्हणाली. "थॅचरच्या घरातून थॅचरविरुद्ध लढायला आलात?"

बाकीच्या बायका हसल्या. एडनाने कोट काढून खुंटीला अडकवला.

"तुझ्या सालींना निम्मा बटाटा चिकटून जातोय, हिल्डा," ती म्हणाली. "असंच चाललं तर गुरुवारपर्यंत आपण उपाशी मरू. दे ती सुरी."

तिथून पुढे वर्षभर त्या हॉलचा स्वयंपाक एडनाने चालवला. बटाटा-कोबीचं कालवण, वाटाण्याचं घट्ट पुडिंग, स्टोटीचे चपटे पाव. परदेशातल्या कामगारांनी पाठवलेले डबे यायचे, त्यांवरची अक्षरं कुणाला वाचता यायची नाहीत, उघडल्यावर कळायचं मासे आहेत की बीट. हिल्डा आणि ती शेजारी शेजारी उभ्या राहून शिजवायच्या आणि पोलिसांना शिव्या द्यायच्या.

भाडेकरूंचं भाडं संपाच्या काळात सरकारी मदतीतून भागत होतं. विकत घेतलेल्या घराच्या हप्त्याला तशी पूर्ण मदत नव्हती. कर्ज देणारी संस्था थोडं थांबायला तयार होती, पण थोडंच. रॅल्फ "मी सांगितलं होतं" असं म्हणेल, याची एडना रोज वाट बघायची. तो म्हणाला नाही. तो पहाटे समुद्रकिनाऱ्यावर जायचा, लाटांबरोबर येणारा कोळसा वेचून पोत्यात भरायचा आणि सायकलवर लादून लांबच्या गावी विकून यायचा. एकदा येऊन त्याने मुठीतले पैसे जेवणाच्या टेबलावर ठेवले. हात थंडीने फुटले होते.

"तुझ्या घराला दे," एवढंच म्हणाला.

संप फसला. कामगार बँडच्या मागे रांगेने खाणीवर परतले, आणि काही वर्षांत खाणही बंद झाली. रॅल्फने नंतर एका गोदामात खोकी बांधण्याचं काम केलं, तेही सुटलं. उरलेला वेळ तो भाजीच्या वाफ्यावर काढायचा.

त्यांचा एकुलता एक मुलगा क्लाइव्ह गवंडीकाम शिकला होता. संप चालू असतानाच तो दक्षिणेला एसेक्समध्ये कामाला गेला, आणि तिथे त्याचं नशीब उघडलं. तिकडे सगळेच घरं घेत होते, वाढवत होते. बघता बघता त्याच्या हाताखाली माणसं आली. सत्याऐंशीच्या नाताळात तो घरी आला आणि जेवताना म्हणाला की आपण मत थॅचरबाईंना दिलं, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही, माझ्यासारख्याला कुणीतरी वर येऊ दिलं. रॅल्फ उठला, टोपी घातली आणि बर्फात वाफ्याकडे निघून गेला. एडनाने त्याचं ताट ओव्हनमध्ये गरम ठेवलं. त्यानंतर बापलेक हवापाण्यावर आणि फुटबॉलवर बोलत राहिले. छातीत साठलेल्या कोळशाच्या धुळीने रॅल्फ दोन हजार चार साली गेला, तोवर दुसरं बोलले नाहीत.

दोन हजार तेराच्या एप्रिलमध्ये थॅचरबाई वारल्या. दोन दिवसांत एडनाला दोन आमंत्रणं आली. क्लाइव्हने फोन करून सांगितलं की तो लंडनला अंत्ययात्रेच्या रस्त्यावर उभा राहणार आहे, तूही ये, तिकीट पाठवतो. हिल्डा मागच्या दाराने आली आणि म्हणाली की त्याच दिवशी जुन्या खाणीच्या जागेवर बाईचा पुतळा जाळणार आहेत, हॉलमध्ये जेवण आहे, तुझ्या वाटाण्याच्या पुडिंगशिवाय कसं व्हायचं?

एडना लंडनला गेली नाही. पुडिंग तिने केलं. पण सगळे पुतळा पेटवायला गेले तेव्हा ती हॉलमध्येच भांडी घासत राहिली. अर्ध्या तासाने हिल्डा परत आली, कपड्यांना धुराचा वास.

"का नाही आलीस?"

"काय म्हणून उभी राहू तिथे?" एडना म्हणाली. "तिने रॅल्फचं काय केलं ते मला कुणी सांगायला नको. पण दरवाजा रंगवला तेव्हा मला आनंद झाला होता, हिल्डा. तो काही खोटा नव्हता."

हिल्डाने फडकं घेतलं आणि भांडी पुसायला लागली. संपानंतर तिनेही आपलं घर विकत घेतलं होतं. नवऱ्याचं काम गेल्यावर ते विकावं लागलं, आणि आता ती म्हाताऱ्यांसाठीच्या छोट्या बैठ्या घरात राहत होती. पुतळ्याभोवती टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांनी घरं घेतली होती. हे दोघींनाही ठाऊक होतं.

हिल्डाचं जुनं घर या हातातून त्या हातात फिरत लंडनच्या कुठल्याशा मालकाकडे गेलं होतं. त्याला कुणी कधी पाहिलं नाही. दोन वर्षांनी तेच घर भाड्याने घेऊन क्लाइव्हची मुलगी जेमा राहायला आली. ती नर्स होती. एसेक्समध्ये घर घेणं तिला सात जन्मांत जमणार नव्हतं आणि बापाने हात वर केले होते, मी स्वतःच्या पायावर उभा राहिलो, तूही राहा म्हणून. डरहॅमच्या इस्पितळात नोकरी मिळाली, कडेवर एक मुलगी. भाड्यात पगाराचा मोठा घास जायचा. भिंतींना ओल, कोपऱ्यात काळी बुरशी, पोरीला खोकला. मालकाच्या एजंटला फोन केला की तो नोंद करून घ्यायचा.

एक दिवस एडना बसने परिषदेच्या कचेरीत गेली. काउंटरवरच्या मुलीला म्हणाली, "मला माझं घर तुम्हाला परत विकायचं आहे. घेतलं तेवढ्यालाच द्या. म्हणजे मग ते कुणा गरजूला भाड्याने देता येईल."

मुलीने वरिष्ठांना विचारून घेतलं आणि आदराने सांगितलं की आजी, आम्ही घरं विकत घेत नाही, तशी काही सोयच नाही. घरासाठी थांबलेल्यांची यादी मात्र मोठी आहे. एडना पुढच्या बसने परत आली. चहा केला. शेजारी जाऊन जेमाला म्हणाली, "पोरीला घेऊन माझ्याकडे चल. घर तुझ्या नावावर करते."

क्लाइव्हला कळलं तेव्हा तो गाडी चालवत सरळ आला. घर विकून आईला आपल्याजवळ, चांगल्या वृद्धाश्रमात ठेवायचं त्याच्या मनात होतं.

"आई, जरा विचार कर. थॅचरबाईंनी तुला हे घर मिळवून दिलं. आणि तू ते असं देऊन टाकतेस?"

"तिने दिलं?" एडना म्हणाली. "परिषदेने बांधलं, क्लाइव्ह. तुझ्या बापाने समुद्रातून कोळसा वेचून हप्ते भरले. तिने फक्त विकलं. घ्यायचं माझ्या मनात होतं म्हणून मी घेतलं, आणि आता जेमाला द्यायचं माझ्या मनात आहे."

कोळशाची गोष्ट क्लाइव्हला माहीत नव्हती. त्याला कुणी सांगितलीच नव्हती. तो चहा न पिता निघून गेला. सहा महिने त्याचा फोन आला नाही.

वसंत ऋतूत तो अवजारं घेऊन आला. एडनाला जिना चढवत नव्हता. त्याने आठवडाभर राहून तिच्यासाठी खालच्या मागच्या खोलीची भिंत पाडून पुन्हा बांधली, तिथेच न्हाणीघर बांधलं, सगळं स्वतःच्या हाताने. जेमा त्याला विटा देत होती आणि बापलेकीचं भांडण दिवसभर चालू होतं, भाड्यावरून, पगारावरून, इस्पितळावरून. दुसऱ्या खोलीत एडना आणि हिल्डा ते ऐकत होत्या.

"एवढं बोलताहेत तरी," हिल्डा म्हणाली.

"हो," एडना म्हणाली. "माझ्या घरात एवढं बोलणं कधी झालं नव्हतं."

क्लाइव्हने बांधलेल्या त्या मागच्या खोलीत ती आणखी चार वर्षं राहिली.