शेवंतीच्या बुगड्या

गिरगावातलं दुकान मालकाने विकलं, तेव्हा आत्माराम पोतदारांनी पंचावन्नी ओलांडली होती. सोनारकामाची हत्यारं पिशवीत घालून ते भाईंदर पूर्वेला आले आणि ममताबरोबर भागीत एक गाळा घेतला. ममता आधी दागिन्यांच्या कारखान्यात साचे करायची. ती त्यांना काका म्हणायची. खिडकीकडची बाजू काकांची. भिंतीकडे तिची भट्टी आणि रबर दाबायचं मशीन.

"ओतीव दागिन्याला जीव नसतो," काका म्हणायचे. ती वाद घालायची नाही. दमायला दोघांनाही दुसरी कामं पुष्कळ होती.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर जुन्या भाईंदरातली शेवंती कोळीण झिजलेल्या बुगड्या घेऊन आली. "माजे आयशीच्या हायेत. पोरी तीन, नि जोडी येकच. आनखी दोन करून द्या, भांडान नको."

हाताने चार बुगड्या! काका नाही म्हणणार, एवढ्यात ममता बोलली, "काका, चांदीत एक नमुना करा. त्याचा साचा घेऊन सोन्यात मी ओतते."

थकव्यानेच ते हो म्हणाले. मोहरीएवढे मणी डाख देऊन एकेक बसवले. ममताने नमुना रबरात दाबून तापवला. पण मशीन उघडलं, तर काही मणी सुटून रबरात रुतलेले.

"माझीच चूक, जास्त तापलं," ममता म्हणाली.

काकांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. डाख मण्यांखाली पोचलाच नव्हता. "तुझी नाही गं. मला दिसलंच नाही." नजर कमी झाल्याचं त्यांनी घरी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

त्यांनी स्टूल तिच्याकडे सरकवलं. "बस इथे. मी सांगतो, तू लाव."

मणी घरंगळत होते, काका चिडत होते, ती पुन्हा वेचत होती. शेवटी नमुना जमला. ओतलेल्या बुगड्या खरबरीत निघाल्या, त्या काकांनी कानशीने साफ केल्या. त्याला डोळे लागत नव्हते, बोटं पुरत होती.

महिन्याभराने शेवंती पुन्हा दारात. "जुनी कुनालाच नको. तिघींनाबी नवीच पायजे. जुनी मीच घालतंय."

साचा तयारच होता, काकांना नव्याने काही घडवायचं नव्हतं. वाईट वाटायला हवं होतं, पण त्यांना हायसं वाटलं.

"ओत गं," ते म्हणाले, आणि कानस शोधू लागले.

पुढे गाळा सुटेपर्यंत त्यांनी कानशीचं तेवढंच काम केलं.