लग्नाची डीव्हीडी

नारायणगावात टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मी रिमोट दाखवायला गेलो होतो. तिथे खांद्यावर घोंगडी टाकलेले एक म्हातारबाबा बसले होते. मुलाने मोठा टीव्ही आणल्यापासून घरी चित्र फुटत होतं, म्हणून त्यांनी डीव्हीडी प्लेअर डिस्कसकट दुरुस्तीला आणला होता.

"लेकीच्या लग्नाची हाये," ते मला म्हणाले. "आमची कारभारीण गेली. मेंढरांमागं हिंडण्यात तिचा फोटो काढायचा राह्यला. आता ह्यातच हाये ती."

दुकानदाराने प्लेअर दुकानातल्या मोठ्या टीव्हीला जोडला, वायर बदलली, सेटिंग बदलून पाहिलं. अक्षता टाकणाऱ्या बाईचा चेहरा तरीही पुसटच राहिला.

"बाबा, टीव्ही चित्र नुसतं मोठं करतो. डिस्कमधे जे नाय, ते कुठून आणणार?" दुकानदार म्हणाला.

बाबा उठले आणि पडद्यावरची नजर न काढता मागे सरकू लागले. दाराबाहेर, पायरीखाली, पार रस्त्याच्या कडेपर्यंत. मागून जीप येत होती, म्हणून मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला.

"हितनं दिसती," ते हळूच म्हणाले. "हसतीया बगा."

मी वळून पाहिलं. खरंच हसत होती.

त्यांनी पायापासून पडद्यापर्यंतचं अंतर नजरेने मोजलं. मग म्हणाले, "पर आमच्या घरात एवढी जागा न्हाई, भाऊ."