डोळेडॉक्टर

डॉक्टर माणसाला नावाने कधी ओळखत नसत. मोखाड्याच्या बाजारात कोणी रामराम केला की ते आधी त्याच्या डोळ्यांत निरखून पाहत आणि मग म्हणत, "तू खुपऱ्यांवाला. औषध घालतोस ना?" नाव मागाहून मी सांगायचो. मी त्यांचा कंपाउंडर होतो. जव्हारला तेव्हा संस्थानी अंमल होता आणि बाजारपेठेत दोन खोल्या घेऊन डॉक्टरांनी स्वतःचा दवाखाना थाटला होता. पाड्यांवर त्यांना डोळेडॉक्टर म्हणत.

माणूस म्हातारा झाला की आंधळा होणारच, अशी तिकडची समजूत. डॉक्टर बाजाराच्या दिवशी झाडाखाली बसून एकच सांगत, "म्हातारपण केसांना येतं. डोळ्यात येतो तो मोतीबिंदू, आणि तो काढता येतो." लोक ऐकून घेत आणि मीठमिरची बांधून घरी जात.

पहिली तयार झाली ती सूर्यमाळची जानी. तिचा एक डोळा लहानपणीच देवीत गेला होता. दुसऱ्यात मोतीबिंदू पिकला होता. शस्त्रक्रिया नीट झाली, पण पुढे डोळ्यात पू झाला आणि तोही गेला. झोपेत तिने पट्टीखाली बोट घातले असावे, असे मी म्हणालो. नशिबावर घालून मोकळे व्हा, असे पेठेतल्या शहाण्यांनीही सुचवले. जानीला डोलीत घालून डॉक्टर स्वतः सूर्यमाळपर्यंत चालत गेले आणि सगळा पाडा जमल्यावर म्हणाले, "हिचा डोळा माझ्या हातून गेला. आता दिसणार नाही."

ऐन उन्हाळा होता, पाणी खालच्या दरीतून आणावे लागे. तरी आम्हाला तांब्याभर पाणी मिळाले.

भातकापणी उरकल्यावर जानीचा नवरा लखमा तिला हाताला धरून दवाखान्यात आला. त्याच्याही डोळ्यांत मोतीबिंदू होता. डॉक्टरांनी साफ नकार दिला. दोघेही आंधळे झालात तर चूल कोण पेटवील, असे विचारले.

लखमा म्हणाला, "नाय केलास तरी आंधला होनारच. तू खोटा नाय बोललास, म्हनून आलो."

डॉक्टरांनी मला हत्यारे उकळायला सांगितली. ती निवेपर्यंत ते खिडकीशी उभे राहिले, मग कामाला लागले. पट्टी बांधल्यावर जानी खाटेशी बसली आणि तिने नवऱ्याचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले. आम्ही पाळीपाळीने धरतो म्हटले, तिने ऐकले नाही. पट्टी उतरेपर्यंत ती तिथून फारशी हलली नाही.

पट्टी उतरवून डॉक्टरांनी बोटे नाचवली. लखमाने तिकडे लक्षच दिले नाही. बायकोकडे वळून तो म्हणाला, "सोड आता. तुजं हात सुजलं."

त्यानंतर लोक येऊ लागले. काही वर्षे दवाखाना भरलेला असे. मग हिवतापाने डॉक्टरांना पोखरले आणि त्यांनी गावी परत जायचे ठरवले. निरोपाला लखमा आणि जानी आले होते. बैलगाडी जुंपली जात असताना जानीने नवऱ्याला विचारले, डॉक्टर दिसतो तरी कसा?

लखमाने जाड भिंगांच्या चष्म्यातून त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले.

"दमलाय," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान डोलावली आणि ते गाडीत चढले. ते पुन्हा जव्हारला आले नाहीत.